प्राणहितेच्या कांठीं जहाजाची कवायत

समुद्रापासून शेंकडों मैल दूर, सागाच्या आणि बांबूच्या रानांत ज्यांचें आयुष्य गेलें, अशा आम्हां चांद्याकडच्या माणसांनीं मालवाहू जहाजावरील जीवनाविषयीं कांहीं लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. आमच्या मुलखांत मोठें पाणी म्हणजे वैनगंगेचा पूर, आणि नौका म्हणजे ढिवराचा डोंगा. परंतु गेल्या माघांत आम्हीं सहकुटुंब सिरोंच्याचा प्रवास केला, त्यांत एका लहानशा प्रसंगानें जहाज आणि डोंगा हीं दोन्ही एकाच वेळीं आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. घरीं परतल्यावरहि बरेच दिवस माजघरांत तीच चर्चा चालू होती. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

आमच्या वडील बंधूंचा मुलगा एका मालवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी आहे. तो नौकानयनाच्या शिक्षणास प्रथम घराबाहेर पडला, तेव्हां आमच्या मातोश्रींचें दोन दिवस अन्नावर मन नव्हतें. समुद्र ओलांडणें निषिद्ध मानण्याचे दिवस केव्हांच मागें पडले आहेत. मातोश्रींची अडचण शास्त्राची नव्हती, भीतीची होती. तो जहाजावर असेपर्यंत देवापुढील समईंत त्या स्वतः तेल घालतात. तें काम सुनांना करूं देत नाहींत. यंदा सात महिन्यांनीं तो रजेवर आला, तेव्हां त्यांनीं आपला जुना संकल्प बोलून दाखविला. त्यांचे वडील सरकारी नोकरीनिमित्त कांहीं वर्षें सिरोंच्यास होते. लहानपणीं पाहिलेल्या संगमावर पुन्हां एकदां जावें, मध्यधारेंत नारळ सोडावा आणि पलीकडे काळेश्वराचें दर्शन घ्यावें, असें त्यांच्या मनांत होतें. नातवानें तत्काळ होकार दिला. मातोश्री, आम्ही उभयतां, आमचीं दोन मुलें आणि पुतण्या अशीं सहा माणसें निघालों.

चंद्रपुराहून सिरोंच्याचा रस्ता दोनशें किलोमीटरांहून अधिक आहे. गोंड राजांचा कोट मागें पडला कीं बल्लारपुरास कागदाच्या गिरणीचा वास नाकांत शिरतो. पुढें गोंडपिपरीवरून आष्टीस वैनगंगेचा पूल लागतो आणि तो ओलांडला कीं गडचिरोली जिल्हा. १९८२ सालापर्यंत हा सारा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यांतच होता. त्यामुळें आमच्या घरांतील वडील माणसें अजूनहि दोहोंस मिळून ‘चांदा’ म्हणतात. आष्टीपासून आलापल्लीपर्यंत रान दाट होत जातें. आलापल्लीजवळ जुन्या अस्सल जंगलाचा एक तुकडा वनखात्यानें कुऱ्हाड न लावतां राखला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नांवानें तो प्रसिद्ध असून २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. तेथील सागाचे बुंधे पाहतांना पुतण्या बराच वेळ मान वर करून उभा होता. तो म्हणाला, “काका, जहाजांचा खरा जन्म असल्या रानांतच झाला.” सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें तो पाण्यानें सहजासहजीं कुजत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जतन केलेलें आहे, ही माहिती आम्हांस नवीच होती.

येथें नद्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळ्याच्या रानाजवळ होतो, आणि तेथून पुढें त्या एकत्रित प्रवाहास प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता रानांतून दक्षिणेकडे वाहत येते आणि सिरोंच्याच्या खालीं गोदावरीस मिळते. आणखी पुढें सोमनूरजवळ बस्तरांतून येणारी इंद्रावतीहि गोदावरींत शिरते. पूर्वी हा सारा मुलूख पावसाळ्यांत जगापासून तुटून जाई. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला कीं अद्यापहि तीच अवस्था होते. सिरोंच्याजवळ मात्र आतां मोठे पूल झाले आहेत. काळेश्वरास जावयास नाव लागत नाहीं. पण मध्यधारेंत नारळ सोडावयाचा तर पूल काय कामाचा?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही घाटावर गेलों. एक वृद्ध नावाडी आपली लांकडी नाव घेऊन उभा होता. तींत आधींच सहा बाया बसल्या होत्या. पलीकडच्या शेतांत मिरची तोडावयास त्या रोज जात असत. कोणाच्या मांडीवर भाकरीचें फडकें, कोणाच्या हातीं रिकामें पोतें. नावाड्यानें आम्हांसहि हात करून बोलाविलें. मातोश्री पुढें झाल्या, परंतु पुतण्या कांठावरच थांबला आणि त्यानें विचारलें, “बाबा, ही नाव किती माणसांची?”

नावाडी हंसला. बाया आमच्याकडे पाहूं लागल्या. मातोश्रींस तें मुळींच रुचलें नाहीं. “अरे, माझ्या वडिलांच्या वेळेपासून लोक असेच जातात. देवाच्या कामास निघतांना असलीं अभद्र विचारपूस कशाला?” असें त्या म्हणाल्या. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि पुतण्याचें तें वागणें अस्थानीं वाटलें. चार परकीं माणसें बसलीं असतां आपणच भितों असें दिसावें, याची लाज वाटली. पण तो हटला नाहीं. “आजी, बावीस माणसांच्या जहाजावर मी हें विचारतों, तेव्हां कोणी मला भित्रा म्हणत नाहीं,” एवढेंच तो बोलला.

तेव्हां त्या नावाड्यानें जें केलें, तें आम्ही विसरणार नाहीं. त्यानें वल्ह्याच्या टोकानें नावेच्या बाजूवर बोट दाखविल्यासारखें केलें. कांठापासून वीतभर खालीं लांकडांत एक रेघ कोरलेली होती. ही रेघ पाण्याशीं टेकली कीं आणखी माणूस घ्यावयाचें नाहीं, असें त्याच्या बापानें त्यास सांगितलें होतें. आठ माणसांत रेघ टेकते. “पण लोक ऐकत नाहींत, महाराज. एका माणसानें काय होतें, म्हणतात,” असें तो तेलगू वळणाच्या मराठींत म्हणाला. पुतण्यानें त्याच्यापुढें अक्षरशः हात जोडले. जहाजाच्या पोटावरहि अशीच खूण रंगविलेली असते. धनी लोकांनीं जहाजें वाटेल तशीं भरून खलाशांस बुडवूं नये, म्हणून प्लिम्सोल नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडच्या पार्लमेंटांत झगडून १८७६ सालीं ती खूण कायद्यानें सक्तीची करविली. प्राणहितेच्या कांठचा हा ढिवर त्याच नियमानें चालत होता. त्याच्या पाठीशीं कायदा नव्हता, एवढाच फरक.

पहिल्या फेरींत बाया पलीकडे गेल्या. दुसऱ्या फेरीच्या वेळीं पुतण्यानें मोटारींतून एक गाठोडें आणलें. वाटेंत आम्ही तें बिछाना समजत होतों. त्यांतून चार नारिंगी जीवरक्षक जाकिटें निघालीं. दोन मुलांस, एक आमच्या मंडळीस आणि एक मातोश्रींस. नऊवारी लुगड्यावर तें जाकीट घालून बसलेल्या मातोश्रींस पाहून मुलें खदखदां हंसलीं, आणि शेवटीं त्याहि हंसल्या. नावेंत कोणीं कोठें बसावें, उभें राहूं नये, नाव कलली तर एका बाजूस धांवूं नये, हें त्यानें मुलांकडून दोनदां म्हणवून घेतलें. नारळ मध्यधारेंत सोडला. सर्व शांतपणें पार पडलें. परत येतांना मात्र आमच्या नऊ वर्षांच्या मुलीनें विचारलें, “दादा, त्या बायांना जाकिटें कां नव्हतीं?” तिला कोणींच उत्तर दिलें नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर मुक्कामाच्या ओसरीवर मातोश्रींनीं प्रथमच नातवास जहाजाविषयीं नीट विचारलें. आजवर त्यांचे प्रश्न दोनच असत: जेवलास का, आणि केव्हां येतोस. त्यानेंहि मनापासून सांगितलें. जहाजावर एकंदर बावीस माणसें. कप्तान आणि इंजिनिअर सोडले तर सारंग, सुकाणी, भंडारी हीं जुनीं नांवें आपल्याकडच्या खलाशांत अद्याप चालतात. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, भंडारी म्हणजे स्वयंपाकी. रात्रंदिवस पहारा असतो. प्रत्येक अधिकाऱ्यास चोवीस तासांत दोनदां चार-चार तासांची पाळी. याची बारा ते चार, दुपारीं आणि मध्यरात्रींहि. जहाज पूर्वेस चाललें कीं घड्याळें एकेक तास पुढें करावीं लागतात, आणि मग एखाद्या दिवशीं झोपेंतूनच तो तास जातो. सारंगाचीं माणसें दिवसभर गंज खरवडतात आणि रंग देतात; एका टोकास रंग वाळेपर्यंत दुसरें टोक गंजतें. हिरवी भाजी दोन-तीन आठवड्यांत संपते, मग कोथिंबिरीची स्वप्नें पडतात. बावीस माणसें, एक स्वयंपाकघर, रुसवे, फुगवे, आणि रागावून बाहेर जावयास दार नाहीं. “म्हणजे आपल्या वाड्यासारखेंच कीं रे,” असें मातोश्री म्हणाल्या.

मग कवायतीची गोष्ट निघाली. जहाजावर प्रत्येक माणसास महिन्यांतून निदान एकदां जहाज सोडण्याची आणि एकदां आग विझविण्याची कवायत करावी लागते. बंदरांतून निघतांना चौथाईहून अधिक माणसें नवीं असलीं तर चोवीस तासांच्या आंत ती झालीच पाहिजे. भोंग्याचे सात तोकडे आवाज आणि एक लांब आवाज ऐकूं आला, कीं हातांतलें काम टाकून, शिरस्त्राण आणि जाकीट चढवून, सर्वांनीं नेमल्या जागीं जमावयाचें. तेथें प्रथम मोजणी होते. मग प्रत्येकानें आपलें काम सांगावयाचें: पाणी कोणीं घ्यावयाचें, बिनतारी यंत्र कोणीं, जीवनौकेचें इंजिन कोणीं चालू करावयाचें. त्या नौकेंत माणशीं तीन लिटर पाणी आणि बिस्किटें बांधून ठेवलेलीं असतात. तीन महिन्यांतून एकदां ती खरोखर पाण्यांत उतरवून चालवून पाहतात. माणूस समुद्रांत पडल्याचीहि कवायत असते. पाहणाऱ्यानें ओरडून कडें फेंकावयाचें आणि मग दुसरें कांहींएक न करतां आपलें बोट त्या माणसाकडे रोखून धरावयाचें. कारण लाटांत माणसाचें डोकें एकदां नजरेआड झालें कीं पुन्हां सांपडणें कठीण. मालाच्या कोठारांत उतरण्याचीहि तालीम असते. कोळसा आणि गंज दोन्ही बंद जागेंतील प्राणवायु खाऊन टाकतात, म्हणून हवा तपासल्यावांचून आंत पाऊल ठेवावयाचें नाहीं. आमच्या कोळशाच्या मुलखांत हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची रीत आमच्या खेड्यांतहि होती.

हे नियम कोणीं सहज केलेले नाहींत. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडालें, तेव्हां सर्वांस पुरतील इतक्या जीवनौकाच तीवर नव्हत्या. त्यानंतर १९१४ सालीं लंडनांत राष्ट्रांनीं एकत्र बसून पहिला करार केला. आपल्याकडचें उदाहरण याहून जवळचें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. नियम अशा मरणांतून जन्मतात.

“पण खरा भोंगा कधीं वाजला का?” मातोश्रींनीं विचारलें. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें जें सांगितलें, तें त्यानें घरांत कोणासहि सांगितलें नव्हतें.

तीन वर्षांपूर्वीं तो तिसरा अधिकारी असतांना एका रात्रीं इंजिनघरांत तापलेल्या नळावर तेल गळून आग लागली. भोंगा वाजला, सर्व जमले, आणि मोजणी याच्याकडे होती. एकवीस माणसें भरलीं, एक कमी. आग पाण्यानें आटोपेना. अशा वेळीं इंजिनघर बंद करून त्यांत कर्बवायु सोडतात. आग गुदमरते, पण आंत राहिलेला माणूसहि गुदमरतो. म्हणून मोजणी पुरी झाल्याशिवाय तो सोडतां येत नाहीं. कप्तान याच्या तोंडाकडे पाहत होता आणि हा हातांतल्या यादीकडे. चार मिनिटें अशीं गेलीं. मग बिनतारी यंत्रावर त्या माणसाचा आवाज आला. तो जहाजाच्या पुढच्या टोकास, संकटकाळच्या पंपाजवळ उभा होता. आदल्या आठवड्यांत त्याची जागा बदलली होती. तो बरोबर आपल्या नव्या जागीं गेला होता. यादींत मात्र जुनीच जागा होती. ती यादी सुधारण्याचें काम आमच्या पुतण्याचें होतें, आणि तें त्यानें उद्यांवर टाकलें होतें. वायु सोडला, आग विझली, कोणास इजा झाली नाहीं; परंतु चौदा तास जहाज इंजिनावांचून समुद्रावर डोलत होतें. त्या चौदा तासांत त्यानें ती यादी तीनदां लिहून काढली.

“भ्यायलास का रे?” मातोश्रींनीं हलकेच विचारलें.

“भ्यायलों, आजी. पण इतक्या वेळां केलेलें असल्यामुळें हात आपोआप चालत होते. चुकी झाली ती भीतीनें नव्हे. कांहीं होत नाहीं, उद्यां करूं, या विचारानें झाली.”

मातोश्रींनीं बराच वेळ कांहीं म्हटलें नाहीं. मग त्यांनीं आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली. त्या वेळचा नावाडी नाव सुटण्यापूर्वीं आपला ओला हात प्रत्येकाच्या डोक्यास लावून मोजीत असे, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हां मोजी. पोरांना तो खेळ वाटे. “तो खेळ नव्हता, हें मला आज कळलें,” असें त्या म्हणाल्या, आणि उठून झोपावयास गेल्या.

आम्हांस मात्र झोप येईना. समोर प्राणहिता अंधारांत वाहत होती. ह्याच नदीवर एके काळीं आगबोटी चालविण्याचें मोठें स्वप्न पाहिलें गेलें होतें. सर आर्थर कॉटन यांनीं धवळेश्वरम् येथें बांधविलेला बंधारा १८५२ च्या सुमारास पुरा झाला. त्यानंतर हिंगणघाट-नागपूरकडील कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गानें थेट पूर्व समुद्रास न्यावा, अशी योजना निघाली. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली, आणि आमच्या अहेरीकडील देवलमरी. ते टाळण्यासाठीं कालवे आणि पाण्याचीं दारें बांधण्याचें काम कॅप्टन हेग यांच्याकडे होतें. सिरोंचा हें त्या वेळीं ‘अप्पर गोदावरी’ नांवाच्या स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. पण खर्च फुगत गेला, इकडे १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली, कापसास मुंबईची वाट मोकळी झाली, आणि १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. पुढें तो जिल्हाहि मोडला व सिरोंचा चांद्यास जोडलें गेलें. कापसाच्या गांठींसाठीं एवढी धडपड झाली. त्या नद्या रोज ओलांडणारीं माणसें मात्र आपल्या डोंग्यांतच राहिलीं.

त्यांचें काय होतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. २३ जानेवारी २०२४ रोजीं चामोर्शी तालुक्यांत वैनगंगा ओलांडतांना नाव उलटली आणि मिरची तोडावयास निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. वर्तमानपत्रांत ती बातमी आम्हींहि वाचली होती, हळहळलों होतों, आणि चहा घेऊन कामास लागलों होतों. घाटावरच्या त्या सहा बायांच्या मांडीवरचीं भाकरीचीं फडकीं त्या रात्रीं पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येत होतीं. मुलीच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच होतें. जहाजावरील बावीस माणसांसाठीं जगांतील राष्ट्रें एकत्र बसून नियम करतात. रोजच्या मजुरीसाठीं नदी ओलांडणाऱ्या बाईसाठीं एका म्हाताऱ्या ढिवराच्या बापानें कोरलेली रेघ, एवढाच नियम आहे. आणि ती रेघ मोडावयास लावणारे आपणच असतों. आदल्या दिवशीं सकाळीं आमच्यापैकीं एकानें हट्ट धरला नसता, तर आम्ही सहाहि जणें त्या नावेंत चढलों असतों, त्या बायांच्या जिवावर.

सकाळीं निघण्यापूर्वीं पुतण्या पुन्हां घाटावर गेला. चारहि जाकिटें त्यानें नावाड्यास दिलीं, तीं घालावयाचीं कशीं हें त्याच्या नातवाकडून करवून घेतलें, आणि बाजारांतून रंगाचा लहान डबा आणून ती कोरलेली रेघ दोघांनीं मिळून पांढरी रंगविली. आतां ती कांठावरूनहि दिसेल. चार जाकिटांनीं सहा बायांचें भागत नाहीं, हें आम्हांस कळतें. चंद्रपुरास आल्यावर आम्हीं आणखी आठ पाठविलीं. आमच्या आळींतील दोन घरांनीं त्यांत आपला वांटा उचलला.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण तीर्थयात्रेनिमित्त नावेंत बसत असतील: वाईस, पंढरपुरास, नर्मदेच्या कांठीं. त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, नाव सुटण्यापूर्वीं माणसें मोजावीं, नावाड्यास त्याची मर्यादा विचारावी, आणि त्यानें ‘पुरे’ म्हटल्यावर ‘एकाच माणसानें काय होतें’ असें म्हणूं नये. विचारण्याची लाज वाटते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. ती लाज गिळावी.

पुतण्या चैत्रांत पुन्हां जहाजावर रुजू झाला. मातोश्री समईंत तेल घालतातच. परंतु रविवारीं त्याचा दूरध्वनि येतो, तेव्हां त्यांच्या दोन जुन्या प्रश्नांत आतां तिसऱ्याची भर पडली आहे. “जेवलास का? केव्हां येतोस?” आणि मग थोडें थांबून, “ह्या महिन्याची कवायत झाली का रे? यादी नीट आहे ना?”